उणे एकशे शहाण्णव आणि दोन थपडा

३ मे, शनिवार. तलासरी नाक्याजवळच्या माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि मदरबोर्डला व्हॅसलीन फासायला घेतलं. हे काम बोटांनीच करावं लागतं. प्रत्येक खाच, रॅमच्या दोन्ही बाजूंच्या फटी, मागचे सोल्डरचे टोकदार पाय, सगळं बुजवायचं. एक जागा कोरडी राहिली की तिथे दव धरतं आणि बोर्ड मरतो. मे महिन्यात आमच्याकडची हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. पंखा लावता येत नाही, तो सगळी ओल आणून बोर्डावरच टाकतो. घाम दंडाला पुसत मी काम संपवलं.

दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं. शाळांचे प्रिंटर, ग्रामपंचायतींचे संगणक, अच्छाडच्या ढाब्यांचे आणि तबेल्यांचे कॅमेरे. मिस्टर रेल्वेत आहेत, राहायला आम्ही डहाणूला. मी रोज स्कूटरने येते-जाते. ही झाली पोटाची गोष्ट. व्हॅसलीन छंदासाठी.

छंद असा. प्रोसेसर ठरलेल्या वेगाने पळतो. जास्त पळवायचा तर जास्त वीज द्यावी लागते, आणि जास्त वीज दिली की तो जळतो. म्हणून त्याच्या डोक्यावर तांब्याचं भांडं घट्ट आवळायचं आणि त्यात द्रव नायट्रोजन ओतायचा. उणे एकशे शहाण्णव अंश. मग तो काही क्षण दुप्पट, अडीचपट पळतो. तेवढ्यात स्क्रीनचा फोटो काढायचा आणि जगभरच्या यादीत टाकायचा. उपयोग काय, असं लोक विचारतात. काही नाही, असं मी सांगते. मग ते पुढचं विचारत नाहीत.

बघणाऱ्याला वाटतं, बाई शांतपणे काहीतरी ओततेय. त्यात शांत काही नाही. कोरड्या तांब्यात पहिला घोट पडला की तापल्या तेलात पाणी टाकल्यासारखा भडका उडतो, थेंब चष्म्यावर आदळतात. तांबं आकसताना किंचाळतं. बोर्डावरचा एखादा कपॅसिटर फुटला की टिकली उडावी तसा आवाज होतो आणि दुकानभर जळक्या मासळीचा वास सुटतो. एक प्रोसेसर तर माझ्यासमोर उभा तडकला. डाव्या अंगठ्यावर माझी कातडी गेलेली आहे, तिथे नुसता गुळगुळीत चट्टा. मला हे आवडतं. वस्तूला विचारायचं, तू कुठे मोडतेस, आणि तिने सांगेपर्यंत सोडायचं नाही.

नायट्रोजन मला माझ्या धाकट्या दिराकडून मिळतो. तो गंजाडपासून आतल्या गावांत गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करत फिरतो. रेड्याचं, वळूचं वीर्य बारीक काड्यांत भरून नायट्रोजनमध्ये गोठवलेलं असतं. त्या काड्यांचा कंटेनर तो मोटरसायकलला बांधून फिरवतो. टँकर आला की तो आपला कंटेनर भरून घेतो आणि त्याचा जुना, बाद झालेला कंटेनर माझ्यासाठी भरतो. जुन्यात नायट्रोजन फार टिकत नाही, पण मला एका दुपारपुरताच लागतो. बदल्यात त्याच्या सगळ्या जनावरांच्या ऑनलाइन नोंदी मी करते.

त्या दिवशीचा प्रोसेसर भंगारातल्या एका ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून काढलेला होता. डझनभर फुकट जातात तेव्हा असा एक निघतो. भांडं आवळलं, तापमान दाखवणारा प्रोब खोचला, फ्लास्कने ओतायला सुरुवात केली. टेबलावरून पांढरं धुकं खाली पावलांवर सांडायला लागलं. उणे शंभर, उणे दीडशे. मध्येच तो थंडीने आखडला आणि स्क्रीन काळी पडली. ग्यासच्या टॉर्चची ज्योत भांड्यावर धरून थोडा शेकला, पुन्हा चालू केला, पुन्हा ओतला. वीज वाढवली. पुन्हा वाढवली. वेगाचा आकडा चढत गेला आणि वर्षभरात जिथे पोचले नव्हते तिथे जाऊन थांबला. अजून एक पायरी घ्यायची, फोटो काढायचा, बस्स. मी शेवटचा भरलेला फ्लास्क हातात घेतला.

तेवढ्यात शटरवर लाथ बसली.

"वहिनी! शटर वर घ्या!"

दीर होता. गुडघ्यावर पँट फाटलेली, कोपरापासून हातभर रक्त, खांद्यावर चिकूचा क्रेट आणि क्रेटमध्ये कंटेनर. मागे रिक्षावाला घाबरून उभा.

"अच्छाडला ट्रकने रिव्हर्स घेतला. गाडी चाकाखाली गेली. मी बाजूला फेकला गेलो, आणि हा डांबरावरून गडगडत गेला."

"आणि ट्रकवाला?"

"खाली ओढला केबिनमधून. चार ठेवून दिल्या. मग क्लीनरने माझ्या पाठीत टॉमी घातली."

हे तो नेहमीच्या सुरात सांगत होता. आधी मारायचं आणि मग विचारायचं, हा त्याचा जन्माचा स्वभाव. मी कंटेनर बघितला आणि मला पुढचं ऐकायची गरज उरली नाही. त्याच्या बाहेरच्या अंगावर पांढरं बर्फ धरलं होतं. बाहेर बर्फ दिसलं म्हणजे आतली निर्वात पोकळी गेली. थर्मासची काच फुटते, तसंच. आतला नायट्रोजन भराभर उडून जाणार आणि काड्या विरघळणार. एकदा विरघळलेली काडी परत गोठवून चालत नाही.

"गंजाडची ती म्हैस दुपारपासून ओरडतेय," तो म्हणाला. "उद्या सकाळी भरायचीय."

ती म्हैस मला नोंदींवरून माहीत होती. एका बाईची एकुलती एक म्हैस, दोन वर्षं गाभण नाही. तीनदा भरली, तीनदा उलटली. तिचा नवरा ती विकायला निघाला होता, व्यापारी येऊन दात बघून गेला होता. भर उन्हाळ्यात म्हैस सहसा माज दाखवतच नाही. हा माज चुकला तर पुढचा पावसाळ्यानंतर, आणि तोवर म्हैस दावणीला राहणार नव्हती. बाईने दिराला सांगितलं होतं, या खेपेला राहिली तर माझी, नाही तर गेली.

"ते ओता यात," तो माझ्या फ्लास्ककडे बोट दाखवून म्हणाला.

"यात ओतून उपयोग नाही, हा फुटलाय. काड्या माझ्या जुन्या कंटेनरात घालू. एक मिनिट थांबा भावोजी, एक फोटो काढते."

"काय थांबा? काय थांबा?" एरवी तो मला अहो-जाहो करतो. "तुझा आकडा गेला खड्ड्यात!" म्हणून त्याने टेबलाला लाथ घातली. मॉनिटर तोंडावर आपटला, वायर उपटली गेली, प्रोसेसर जागच्या जागी बंद पडला. भांड्यातलं धुकं तेवढं सांडत राहिलं.

मी जुन्या कंटेनरचं बूच काढलं, फ्लास्क त्यात रिकामा केला. "आता काड्या," मी म्हटलं. काड्यांच्या डब्या लांब दांड्यांनी कंटेनरच्या तोंडाला अडकवलेल्या असतात. एका कंटेनरातून दुसऱ्यात त्या डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर गेल्या पाहिजेत. त्याने पहिली डबी वर खेचली, दांड्याची पकड सुटायला लागली, तसा त्याने रक्ताने ओला झालेला उजवा हात खाली घालून डबीच धरायला नेला. ओली कातडी त्या धातूला लागली की चिकटते आणि निघते ती मांसासकट. माझ्या हातात पक्कड होती. मी ती त्याच्या मनगटावर मारली. हाडावर बसली. तो गुरासारखा ओरडला. डबी मी हातमोज्याने धरून आत सोडली आणि बाकीच्याही सोडल्या.

"हाड मोडलंस माझं!"

"तळहात शाबूत आहे ना?"

त्याने तळहात बघितला आणि मला एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही.

लाकडी पट्टी कंटेनरात बुडवून बाहेर काढली, हवेत हलवली. जिथपर्यंत पांढरं धरतं तिथपर्यंत नायट्रोजन. चार बोटं होता. जुन्या कंटेनरात चार बोटं नायट्रोजन सकाळपर्यंत टिकला नसता. टँकर यायला अजून आठवडा होता. जवळपास नायट्रोजन असलेली एकच जागा मला माहीत होती, अच्छाडच्या अलीकडचा तबेला. शेकड्याने म्हशी, स्वतःचा मोठा कंटेनर, आणि माझे कॅमेरे. अडचण एवढीच की हिवाळ्यात दिराने त्या तबेल्याच्या शेठला त्याच्याच माणसांसमोर मारलं होतं. दूध उतरावं म्हणून म्हशींना इंजेक्शनं टोचत होते, ते याने बघितलं आणि शेठच्या दोन कानाखाली वाजवल्या. तेव्हापासून याला गेटच्या आत बंदी.

मी शेठना फोन लावला. कोणासाठी हवंय ते बोलले नाही.

"केटलुं जोइए, बेन?"

"दहा लिटर पुरे."

"टेम्पो तुमच्याच बाजूला निघतोय. मोकलुं छुं."

"शेठ, झाकण सैल ठेवायला सांगा. एकदम सैल. आतली वाफ बाहेर गेली पाहिजे."

"हा हा, कहुं छुं."

त्यांनी सांगितलंही होतं. टेम्पोवाल्याने ऐकलंही होतं. पण तबेल्यात पातळ वस्तू जाते ती दुधाच्या कॅनमधूनच. त्याने कॅन भरला, रबर बसवलं, झाकणावर लाकडी हातोडा हाणला आणि हायवेवर हिंदकळू नये म्हणून वरून तारेने आवळला. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं.

टेम्पो दुकानासमोर थांबला तेव्हा शिट्टी ऐकू येत होती. मला आधी वाटलं, रस्त्यावर कोणी वाजवतंय. टेम्पोवाल्याने कॅन उतरवून पायरीजवळ ठेवला. ॲल्युमिनियमचा कॅन पांढराफटक, पोट फुगलेलं, आणि झाकणाच्या रबराखालून ती शिट्टी. मला तार दिसली.

"लांब व्हा!" मी ओरडले.

"तार तर सोडू द्या," म्हणत दीर पक्कड घेऊन पुढे झाला. त्याला फक्त नायट्रोजन दिसत होता.

शिट्टी थांबली. फटीत बर्फ बसलं, वाफेला वाट उरली नाही. मी दिराचे केस मुठीत धरले आणि मागे खेचलं. आम्ही दोघं दुकानाच्या भिंतीआड आडवे झालो आणि कॅन फुटला.

आवाज छातीत बसला. झाकण पत्र्याची शेड फोडून गेलं आणि माझ्या पाटीतल्या 'दुरुस्ती' या शब्दाच्या मधोमध भोक पाडून गेलं. कॅनचा तळ टेम्पोच्या काचेत घुसला. पांढरं धुकं रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत गेलं, समोरच्या टपरीवाल्याचं दूध उतू गेलं तरी तो हलला नाही. धुकं विरल्यावर टेम्पोवाला दिसला. रस्त्यात बसला होता, पोटरीतून रक्त येत होतं आणि एक कान हाताने दाबून धरलेला.

दीर उठला तो सरळ त्याच्यावर गेला. डाव्या हाताने एक, दोन. टेम्पोवाल्याने बसल्या जागेवरून त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली, हा पडला, तो याच्या उरावर चढला. मी शटर ओढायचा लोखंडी आकडा उचलला आणि दोघांच्या डोक्यांमध्ये रस्त्यावर आपटला. ठिणगी उडाली.

"आता जो हात उचलेल त्याचं डोकं."

दोघं थांबले.

"शेठनी सैल ठेवायला सांगितलं नव्हतं?" मी टेम्पोवाल्याला विचारलं.

"सांगितलं." त्याला नीट ऐकू येत नव्हतं म्हणून तो ओरडत होता. "पण सैल झाकणापायी मी दोनदा मार खाल्लाय. घट्ट लावलं म्हणून आजवर कोणी मारलं नाय!"

भांड्याभोवती गुंडाळायला आणलेले टिश्यूचे रोल होते, ते त्याच्या पोटरीला बांधले आणि वरून काळी टेप मारली. बोर्डालाही मी तसंच बांधते.

पुन्हा पट्टी बुडवली. चारची तीन बोटं झाली होती. आता काड्याच शेठच्या मोठ्या कंटेनरात नेऊन ठेवणं, एवढा एकच मार्ग होता. मी जुना कंटेनर चिकूच्या क्रेटमध्ये गोणपाटाने घट्ट बसवला आणि टेम्पोच्या मागे चढवला. दीर त्याला मिठी मारून बसला.

टेम्पोवाल्याने त्याच्याकडे नीट बघितलं. "हा तोच ना? शेठला मारलं होतं तो?"

"तोच."

"मग मी गेटपर्यंतच नेणार."

काच नसलेल्या टेम्पोत हायवेची धूळ आणि ट्रकचा धूर तोंडावर घेत आम्ही गेलो. तबेल्यात संध्याकाळची धार चालली होती. दहा-पंधरा माणसं, बादल्या, कॅन, शेपट्यांचे फटकारे. शेठ खाटल्यावर चहा पीत होते. टेम्पोची काच आणि टेम्पोवाल्याचा पाय बघून उठले आणि मग मागे बसलेला माणूस त्यांना दिसला.

"बेन, तुम्ही या. एने बहार राखो."

"शेठ, काड्या त्याच्या आहेत. सकाळपर्यंत ठेवायच्या आहेत. माझा कंटेनर तग धरणार नाही."

"तो एने कहो, मांगे." म्हणजे त्यानेच तोंडाने मागायचं.

दीर खाली उतरला. लंगडत गेटच्या आत आला. कुत्री भुंकली, शेठनी त्यांना गप्प केलं. धार काढणारे हात एकेक करून थांबले.

"काड्या ठेवायच्या आहेत," दीर म्हणाला. "उद्या सकाळी गंजाडला एक म्हैस भरायचीय."

शेठनी कप खाटल्यावर ठेवला. "त्या दिवशी इथे कोण कोण होतं?"

"सगळे होते."

"आज पण सगळे आहेत."

मी लग्न होऊन आले तेव्हा हा शाळेत होता. कोणी डोळे वटारले तरी दगड उचलणारा. शाळेतून दोनदा काढलेला. घरात माझ्या सासऱ्यांनी हात उगारला तर तो हात धरून मुरगाळणारा. मला वाटलं, आता इथे दुसरा स्फोट. मी शटरचा आकडा आणला नव्हता, पण क्रेटवर हात ठेवून उभी राहिले, काही झालं तरी तेवढं आडवं होऊ द्यायचं नाही म्हणून.

त्याने दोन्ही हात मागे नेले. सुजलेलं मनगट डाव्या हातात धरलं आणि मान सरळ ठेवून उभा राहिला.

शेठनी पहिली मारली. गोठ्यातल्या पत्र्यावर आवाज घुमला. याचं तोंड फिरलं, त्याने परत सरळ केलं. शेठनी दुसरी मारली. ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. एकही माणूस हसला नाही. मागे बांधलेले हात सुटले नाहीत.

"लावो," आणा, असं शेठ मला म्हणाले आणि स्वतः मोठ्या कंटेनरचं बूच काढायला गेले. हातमोजे घालून डब्या त्यांनीच आत सोडल्या, भराभर, एकही हवेत रेंगाळू न देता. मग बूच बसवलं. सैल.

दीर फुटक्या ओठाने म्हणाला, "ते इंजेक्शन अजून टोचता का?"

शेठ हातमोजे काढायला लागले.

"जा घेर," शेठ म्हणाले, "नहीं तो तीजी खाईश."

मी त्याला दंडाला धरून बाहेर आणला. वाटेत तो एवढंच म्हणाला, "तुम्ही मारलेलं जास्त दुखतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली, त्याला मागे बसवलं आणि तबेल्यावर गेले. शेठ भेटले नाहीत, पण त्यांच्या माणसाने माझा कंटेनर भरून दिला आणि डब्या परत त्यात सोडल्या. तिथून गंजाड. म्हैस खुंटाभोवती गोल फिरत होती, डोळे लाल, बाईने वेसण दोन्ही हातांनी ओढून धरली होती. नवरा ओट्यावर बसून बघत होता, उठला नाही.

एक काडी काढली. ती थर्मासच्या झाकणातल्या कोमट पाण्यात टाकायची असते, पाणी अंगाइतकंच गरम हवं. प्रोसेसरला लावते तो प्रोब मी पाण्यात धरला आणि सदतीस येईपर्यंत थंड पाणी ओतत राहिले. काडी पुसली, टोक कापलं, रेतनाच्या लांब गनमध्ये बसवली. दिराने डावा हात कोपराच्या वरपर्यंत म्हशीच्या आत घातला. उजव्या हाताने गन धरायला गेला, पण मनगट वळेना. बोटं मिटेनात.

"तुम्ही धरा, वहिनी."

मी गन धरली. तो आतून सांगत गेला, थोडं वर, थोडं डावीकडे, थांबा, आता. मी दांडा दाबायला लागले.

"हळू. ओतता तसं हळू."

मी हळू दाबला, शेवटपर्यंत. गन बाहेर काढली तशी म्हशीने लाथ झाडली आणि थर्मासचं झाकण ओट्यापर्यंत उडालं. मी ते उचललं, हात साबणाने धुतले, स्कूटर चालू केली. त्याला फाट्यावर सोडलं, तलासरीला आले, शटर वर घेतलं, मॉनिटर उभा केला आणि बोर्डावरचं व्हॅसलीन जुन्या टूथब्रशने खरवडायला बसले.